पाच म्हणजे माझे पाच

१४ एप्रिल, रविवार. सकाळी नऊ.

सी लहबीब, चष्मा शोधणं थांबवा. तो तुमच्या कपाळावर आहे. मागच्या खेपेला तो माझ्या टोपलीत तारल्यांच्या खाली सापडला होता, आणि तोवर तुम्ही पोस्टातल्या कारकुनावर आळ घेऊन मोकळे झाला होतात. काल आपण कुठवर लिहिलं तेही तुम्हाला आठवत नसेल. काल काही लिहिलंच नाही. आज पहिला दिवस आहे.

तर लिहा. ही वही माझी. माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही. मला वाचता येत नाही, त्यामुळे गुपित एकदम पक्कं. मधे तुम्ही आहात, लोकांची पत्रं-अर्ज लिहून देणारे, पण तुम्ही विसराल.

रमजानचा महिनाभर घड्याळ शहाण्यासारखं चाललं होतं. आज पहाटे सरकारनं ते परत एक तास पुढे ढकललं आणि सगळा मोरोक्को मेंढरांसारखा मागोमाग गेला. दरवर्षी रमजानपुरता जुना तास उसना देतात, ईद झाली की काढून घेतात. यंदा मी परत केला नाही.

सी लहबीब वर दहा लिहायला निघाले होते. मानानं लल्ला इज्जा म्हणत म्हणाले, तिकडे बुरुजावरच्या घड्याळात बघा, दहा वाजलेत. म्हटलं, मग बुरुजालाच सांगा मजकूर सांगायला. नऊ लिहिलं.

आज उठल्याबरोबर नातीनं स्वयंपाकघरातलं घड्याळ पुढे केलं. करू दिलं. घरात शांतता हवी. माझं गजराचं घड्याळ उशीखाली आहे. ते नवऱ्याचं होतं. तो गेला, पण तास त्याचाच राहील.

१५ एप्रिल, सोमवार. दुपारी चार. (माझे.)

नातीचं लिहिते. नाव वियाम. चोवीस वर्षांची. सकाळी हॉटेलच्या काउंटरवर बसते आणि परदेशी लोकांना किल्ल्या देते. दुपारी रबराचे काळे कपडे चढवते, पायाखाली फळी, हातात दांडा, आणि आभाळात लाल पतंग. वारा पतंगाला ओढतो, पतंग तिला ओढतो. आमच्या या गावात, स्वीऱ्यात, वाऱ्याची कमतरता कधीच नव्हती. आम्ही तो खिडक्या लावून बाहेर ठेवायचो. ही त्याच्या मागे पाण्यात जाते.

तिची आई म्हणजे माझी रहमा. जूनपर्यंत स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडायला गेली आहे. फोनवर रोज एकच विचारते, मुलगी कुठाय? मी सांगते, डोळ्यांसमोर. आजपासून ते खरंसुद्धा होणार आहे.

झालं असं, की वियामची जोडीदारीण लग्न करून अगादीरला गेली. हिच्या शिकवणाऱ्याचा नियम आहे, की एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही. आणि उतरायचंच असेल तर कधी बाहेर येणार ते किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून जायचं. ती वेळ टळली की त्या माणसानं क्लबला फोन करायचा. मग त्यांची बोट निघते. वियाम म्हणाली, मी उंटवाल्या बूजमाला सांगणार आहे, तो नाहीतरी दिवसभर वाळूतच असतो.

मी म्हटलं, उंटवाला? जो स्वतःच्या उंटाला तोंडावर शिव्या देतो तो? घरात आजी असताना? आपल्या गच्चीवरून अख्खा उपसागर दिसतो, बेट दिसतं, पार खाली नदीच्या तोंडापर्यंत दिसतं. मी बसेन.

ती म्हणाली, हन्ना (आजीला ती असंच म्हणते), हा खेळ नाही.

म्हटलं, खेळ तूच खेळतेस बाई. मी काम करणार आहे.

गच्चीवर चढून स्वतः बघून आली. मग हो म्हणाली. मला विशेष काही वाटलं नाही. योग्य माणसाला काम मिळालं, इतकंच.

१६ एप्रिल, मंगळवार. सकाळी साडेआठ. (माझे. सी लहबीब, भुवया खाली.)

वियामनं काल मला समोर बसवून शिकवलं. मला! मी वीस वर्षं ओहोटीला खडकांवर शिंपली काढली आहेत. तरी ऐकून घेतलं, तिला बरं वाटावं म्हणून.

ती म्हणते, आपलं पाणी थंड आहे. ऊन असलं तरी थंड. अंगात शिरतं तेव्हा पहिला मिनिटभर श्वास पळून जातो, तेव्हा काही करायचं नाही, नुसता श्वास धरून आणायचा. मग हातांची पाळी. बोटं जातात आणि डोक्याला पत्ता नसतो. म्हणून मधूनमधून अंगठा करंगळीला टेकवून बघायचा. टेकेना झाला, की त्याच क्षणी बाहेर यायचं. छातीपाशी एक लाल मूठ असते. ती ढकलली की पतंगाचा जोर जातो. ती मूठ डोळे मिटून सापडली पाहिजे, बधिर हातानं सापडली पाहिजे. शर्गी, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा असेल, तर उतरायचंच नाही. पतंग पाण्यात पडला आणि उठेना, तर प्रवाहाच्या उलट पोहायचं नाही. दोऱ्या गुंडाळायच्या, पतंगावर आडवं पडायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, शिट्टी वाजवायची आणि थांबायचं.

किती थांबायचं, मी विचारलं.

म्हणाली, तुझा फोन जाईपर्यंत.

थंडीचं तिनं मला सांगायची गरज नव्हती. एकदा जानेवारीत माझी सुरी निसटून तळहातातून आरपार फिरली होती. मला कळलंच नाही. टोपली लाल दिसली तेव्हा वाटलं, आज शिंपल्यांना काय झालंय. दुखलं ते घरी चुलीजवळ बसल्यावर.

माझ्या फोनवर एक नंबरचं बटण दाबून धरलं की सरळ क्लब लागतो. वियामनं त्यावर लाल नेलपॉलिश लावून दिलं. फोनवर वेळ दिसते म्हणाली. असेल. ते आकडे मला वाचता येत नाहीत, मला काटे लागतात. काटे आहेत माझ्याकडे.

ठराव: डुलकी घ्यायची नाही. पलीकडच्या गच्चीवरच्या खदूजशी बोलायचं नाही. ती बाहेर येईपर्यंत चहा नाही.

१८ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी पाच. (माझे.)

पहिला पहारा. दोन उशा, घोंगडी, पांढरी चादर डोक्यावरून, नवऱ्याची दुर्बीण, गजराचं घड्याळ मांडीवर. मी बंदराची अधिकारी असते तर गेल्या पन्नास वर्षांत एक होडी बुडाली नसती.

वियाम सांगून गेली, पाचपर्यंत बाहेर येते. पाच म्हणजे पाच, हन्ना, सव्वापाच नाही. पाचला मी वाळूवर दिसले नाही तर बटण दाब, मला हाक मारत बसू नकोस.

चारला वीस मिनिटं कमी असतानाच वाळूवर दिसली. घरी आल्यावर पाठ थोपटली, म्हटलं, एक तास वीस मिनिटं आधी आलीस, गुणाची ग बाई. ती हसली. म्हणाली, हन्ना, वीस मिनिटं. म्हटलं, वीस आणि एक तास. म्हणाली, बरं, तुझं खरं.

आजकालच्या मुलांना बेरीज येत नाही. हॉटेलात कसे ठेवतात कोण जाणे.

सी लहबीब लेखणी उचलून बसले आहेत. म्हणाले, लल्ला, त्या मुलीचे पाच आणि तुमचे पाच...

म्हटलं, तुम्ही लिहायला बसला आहात की बोलायला?

२० एप्रिल, शनिवार. संध्याकाळी पाच.

डुलकी लागली. डुलकी म्हणू नये, डोळे मिटून लक्ष ठेवलं. वाऱ्यानं डोळ्यांत वाळू जाते, मिटावेच लागतात. उघडले तेव्हा वियाम माझ्यासमोर गच्चीवर उभी, केसांतून पाणी गळतंय. म्हणाली, हन्ना, किती वेळ झोपली होतीस?

म्हटलं, झोपले असते तर तू आलेली दिसली असतीस का?

ती केस पिळत खाली गेली.

डुलकीचा ठराव थोडा बदलते. डुलकी चालेल, गाढ झोप नाही. त्यासाठीच तर घड्याळाला गजर आहे. पाचवर लावून ठेवला. आता मी झोपले काय, जागी काय, चूक होऊच शकत नाही.

२२ एप्रिल, सोमवार. सकाळी नऊ.

कालचं लिहायचं राहिलं. काल दुपारभर मी घारीसारखी नजर ठेवून होते. लाल पतंग एकदाही नजरेतून सुटला नाही. बेटाकडे गेला, वळला, उडाला, आपटला, परत उडाला. खदूज पलीकडून विचारत होती, ती कोण? मी म्हटलं, माझी नात. खदूज म्हणाली, नात फार जाड झाली हो.

जर्मन निघाला. दाढीवाला.

वियामचा पतंग लाल खरा, पण त्याला मधे पांढरा पट्टा आहे. तो उन्हात दिसत नाही. चूक उन्हाची. शिवाय खदूजशी बोलायचं नाही असा ठराव असताना ती बोलली, मी नाही. मी फक्त उत्तर दिलं.

वियामला सांगितलं नाही. ती वेळेवर आली होती. काम झालं ना?

काल घरी आल्यावर तिनं अंगठा करंगळीला टेकवून दाखवला. दुसऱ्या खेपेला टेकला. मी पण करून बघितला. माझा पहिल्या खेपेला टेकतो.

सी लहबीब आज परत घड्याळावर घसरले. म्हणाले, कोर्टात शुक्रवारी एक बाई तुमच्यासारखीच जुन्या तासानं आली आणि तिचा पुकारा होऊन गेला. मी म्हटलं, कोर्ट सरकारचं आहे, समुद्र सरकारचा नाही. भरती-ओहोटी मी चंद्रावरून सांगते आणि अजून चुकले नाही. ते म्हणाले, पण नात चंद्रावरून येत नाही ना, लल्ला.

या माणसाला उत्तरं फार सुचायला लागली आहेत. चहा कमी करायला हवा त्याचा.

२५ एप्रिल, गुरुवार. सकाळी.

कालचं सांगते. सगळं क्रमानं सांगते, म्हणजे कोणी मागाहून काही बोलायला नको.

वियाम दुपारी गेली. सांगून गेली, पाच. वारा चांगला होता. ओहोटी जोराची, पौर्णिमेचे दिवस. मी तिला ते सांगितलं होतं: बेट आणि नदीचं तोंड यांच्यामधलं पाणी बाहेर ओढेल, तिकडे जाऊ नकोस. हो म्हणाली होती. सांगायचं ते मी सांगितलं होतं, हे लिहा.

उशा, घोंगडी, घड्याळ, सगळं जागेवर. पांढरा पट्टा नीट बघितला. तीन वाजता पतंग दिसत होता. सव्वातीनला वारा एकदम पडला. खदूजचे वाळत घातलेले कपडे खाली लोंबायला लागले, त्यावरून कळलं. बाकीचे पतंग एकेक करून वाळूवर आले. तिचा आला नाही. तिचा आभाळातही नव्हता.

दुर्बीण लावली. पाणी दिसलं.

मला काही वाटलं नाही. वाटलं, बसली असेल कुठे तरी. नियम पाचचा आहे. पाचच्या आधी फोन केला तर ती म्हणेल, हन्ना, तू घाबरट आहेस, मी बूजमाला सांगते. मी नियमाबाहेर जाणारी बाई नाही. मांडीवर घड्याळ, त्यात अजून साडेतीन. खाली जाऊन चहा ठेवला. असरची बांग झाली. नमाज पढले. पुदिना चांगला होता कालचा.

पाचला गजर वाजला. मी त्याच क्षणी लाल बटण दाबलं. एक श्वास मधे गेला नाही. या गावात इतकं वेळेवर कोणी काही केलेलं नाही, आणि हे

सी लहबीब लिहायचे थांबले आहेत. मी म्हणते, लिहा. ते म्हणतात, लल्ला, तेव्हा सहा वाजले होते.

म्हटलं, माझे पाच.

ते टाक खाली ठेवतात. बरं. तुम्हाला लिहायचं तेच लिहा.

क्लबवर एका बाईनं फोन उचलला. मी म्हटलं, माझी नात पाण्यातून आलेली नाही, बोट काढा. ती म्हणाली, तुम्ही वियामच्या आजी का? अहो, तिला आणून दहा मिनिटं झाली. तुम्ही या. गरम कपडे घेऊन या.

गेले. ती शेगडीजवळ बसली होती, चार घोंगड्यांत. ओठ वांग्याच्या रंगाचे. कोणी तरी चहाचा ग्लास तिच्या हातात देत होतं आणि तो धरला जात नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं. ओळखलं असावं.

मी म्हटलं, मी बरोबर पाचला फोन केला.

२६ एप्रिल, शुक्रवार.

कुसकुस केला. शुक्रवार आहे, करावाच लागतो. वियामला चमच्यानं भरवला. दोन्ही हातांच्या बोटांना अजून कळत नाही. डॉक्टर म्हणाला, येईल, आठवडे लागतील, चुलीवर शेकायचे नाहीत. जाकिटाची बटणं मी लावते. लहानपणी लावायचे तशीच. तेव्हा ती हलायची.

जेवताना तिनं आपणहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

वारा पडला, पतंग पाण्यात. ओहोटीनं धरलं. तिनं सगळं शिकवल्यासारखं केलं. पोहली नाही. दोऱ्या गुंडाळल्या, पतंगावर पडली, गुडघे पोटाशी. शिट्टी वाजवली. ऐकायला कोणी नव्हतं. मनगटावर घड्याळ होतं. पावणेपाच झाले तेव्हा म्हणे बरं वाटलं, पंधराच मिनिटं राहिली. पाचला म्हटलं, आता हन्नानं बटण दाबलं. सव्वापाचला म्हटलं, फोन लागत नसेल. साडेपाचला काहीच म्हटलं नाही.

मग अंगठा करंगळीला टेकवून बघितला. करंगळी कुठे आहे ते सापडेना.

हे तिनं अगदी हळू सांगितलं, रागावून नाही. रागावली असती तर मला बोलता आलं असतं.

तिला शोधलं ते बूजमानं. उंटावर बसून नदीच्या तोंडाशी चालला होता. उंटावरून लांबचं दिसतं. पाण्यात एक लाल ठिपका दिसला, तो पतंगासारखा इकडेतिकडे जात नव्हता, नुसता बाहेर बाहेर जात होता. त्यानं फोन केला. त्याला कोणी पाच सांगितले नव्हते.

२७ एप्रिल, शनिवार.

काही नाही.

भांडी घासली. गच्चीवर गेले नाही.

२८ एप्रिल, रविवार.

रहमाचा फोन. मुलगी कुठाय? म्हटलं, डोळ्यांसमोर. होतीच. गादीवर, भिंतीकडे तोंड करून. रहमा म्हणाली, आई, तुझा आवाज असा का? म्हटलं, वारा.

वारा नव्हता. तिकडून काय कळणार.

३० एप्रिल, मंगळवार.

सी लहबीबना आज माझं म्हणणं नीट लिहायला लावलं. एक, चूक सरकारची. चालता तास लोकांच्या हातातून काढून घेतला तर असं होणारच. दोन, वियामनं कोणाचे पाच ते सांगायला हवं होतं. तीन, मी गजर लावला होता, आणि गजर लावणारी बाई बेफिकीर असू शकत नाही. चार

चार आठवत नाही. सी लहबीबनी विचारलं, चौथं काय? मी म्हटलं, तुम्ही सांगा, तुमच्याकडे उत्तरं फार असतात. ते म्हणाले, माझ्याकडे नाही, लल्ला. मी पहिल्या पहाऱ्याच्या गुरुवारीच बोलायला हवं होतं, आणि तुम्ही गप्प केलंत तर मी गप्प बसलो.

म्हणजे त्यांनाही झोप नाही. माझ्याकडे बघायचं टाळून ते टाक पुसत बसले. पुसायला त्यावर काही नव्हतं.

काल रात्री घरी चुलीजवळ बसले होते. बराच वेळ बसले. अजून काही दुखत नाही.

३ मे, शुक्रवार.

बूजमा आला होता. मी बोलावलं होतं. माणूस दारातच उभा, चपला हातात, अंगाला उंटाचा वास. आत या म्हटलं तर म्हणे, लल्ला, गालिचा खराब होईल. मी म्हटलं, गालिचा माझा आहे, मी धुईन. बसला. कुसकुस खाल्ला, दोनदा घेतला. मी आभार मानायला तोंड उघडलं तर तोच म्हणाला, आभार उंटाचे माना, मी खाली असतो तर मलाही दिसलं नसतं.

मग वियामकडे वळला आणि म्हणाला, काय ग पोरी, पुढच्या खेपेला हिरवा पतंग घे, निदान मी वाटेत भाजी समजून तरी वाकून बघेन.

ती हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदा. मी नऊ दिवस तिला हसवायचा प्रयत्न करत होते, आणि या माणसानं एका भाजीवर काम केलं.

जाताना दाराशी हळूच मला म्हणाला, मनाला लावून घेऊ नका. म्हटलं, मी कशाला लावून घेऊ? माझं काय चुकलं?

तो म्हणाला, बरं, लल्ला.

सगळे आजकाल मला बरं म्हणतात.

७ मे, मंगळवार.

वियामला बोटांत मुंग्या येतात. डॉक्टर म्हणतो ते चांगलं. डाव्या हाताची दोन टोकं अजून लाकडाची आहेत. ती भिंतीवर टकटक करून बघते. माझ्या खोलीत ऐकू येतं.

आज म्हणाली, पाण्यात परत जाणार. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, हन्ना, पाण्यानं काही चुकीचं केलं नाही. मी केलं. वारा पडेल असं दिसत होतं, तरी लांब गेले.

आणखी कोणाचं नाव घेतलं नाही. मी वाट बघत होते.

जाड हातमोजे आणले. दोन जोड. छातीवर खिशात पाण्यातला फोन ठेवणार म्हणे. आणि राखणीला

म्हटलं, मी राजीनामा देते. गुडघे दुखतात, जिने फार आहेत, गच्चीवर वारा फार. तिनं माझा हात धरला. तिची बोटं गार होती, माझीही असतील. म्हणाली, हो हन्ना, तू आता आराम कर.

मी स्वतःहून सोडलं. हे लिहून ठेवा.

१० मे, शुक्रवार.

आज ती दोन तास वाळूवर नुसता पतंग उडवून आली. लाल मूठ शंभर वेळा ढकलली, हातमोजे घालून, डोळे मिटून. बूजमा मोजत होता. खदूज गच्चीवरून बघत होती, तिनं मला सांगितलं. मी स्वयंपाकघरात होते.

कुसकुस खारट झाला. कोणी काही बोललं नाही. म्हणजे खरंच खारट झाला होता.

१२ मे, रविवार.

आज ती पाण्यात आहे.

पाण्यात कधी उतरली, माहीत नाही. कधी येणार, माहीत नाही. सकाळी मी विचारलं, किती वाजता? तिनं माझ्या कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाली, बूजमाला माहीत आहे. दार हळू लावून गेली. हळू लावायची गरज नव्हती, मी जागी होते.

मला कोणी काढलेलं नाही. मी घरात जास्त उपयोगी पडते असं सगळ्यांचं मत पडलं. सगळे म्हणजे वियाम. बूजमा उंटावर नदीच्या तोंडाशी बसला आहे. सी लहबीब म्हणाले, गच्चीवर जाऊन बघायचं का, मी हात देतो. नको म्हटलं. दुर्बिणीतून मला पाणी फार दिसतं.

बोलता बोलता आज एक गोष्ट झाली. मी मघाशी सुरी धुताना हात पाण्याखाली धरला आणि तो एकदम दुखायला लागला. जखम नाही, काही नाही. नुसता हात. मग दुखणं छातीपर्यंत आलं. सी लहबीब म्हणाले, लल्ला, रडताय का? मी म्हटलं, कांदा. कांदा चिरलेला नव्हता. त्यांनी कांदा लिहिला.

आता वही पुरे. सी लहबीब, तुमचं घर नदीच्या तोंडाजवळ आहे आणि तुमची बायको विचारत होती, पोरीसाठी वाळूवर काय पाठवू. तिला सांगा, बेसारा पाठव, वाळवलेल्या बाकल्याचं घट्ट सूप, उकळतं, जिरं जास्त, वर तेल हात सैल सोडून. कानाच्या कपातून पाठव, ग्लासातून नको, ग्लास धरता येत नाही. पाव आधीच तुकडे करून. बूजमालाही दे, उंटावर असेल तिथेच नेऊन दे, त्याला खाली उतरवू नको. आणि संत्री पाठवायची असली तर सोलून, फोडी सुट्या करून पाठव.